अंबाडीचा जोडा

रावेरच्या आठवडी बाजारात दोर घ्यायला आलेला शेतकरी आधी दोन्ही हातांनी दोर ताणून पाही, मग अंगठ्याने पीळ चाचपी, आणि मनाजोगता निघाला की विचारी, "धुरपदाअक्काचा हाय ना हा?" हो म्हटले की पुढे घासाघीस होत नसे.

खरे तर दोर वळणे हे त्या गावात पुरुषांचे काम. रावेरपासून चार मैलांवरच्या त्या गावात म्हातारी माणसे मारुतीच्या पारावर टकळी घेऊन बसत आणि गावभरच्या गप्पांबरोबर अंबाडीची सुतळी कातत. धुरपदाबाईचा नवरा जीवराम त्यांच्यातलाच. तो पटकीच्या साथीत दोन दिवसांत गेला, तेव्हा त्याची टकळी अर्ध्या सुतळीसह खुंटीला लटकत होती. तेरावा झाल्यावर धुरपदाबाईने ती खाली काढली आणि उरलेली सुतळी पुरी केली. मग दुसरी घेतली. पारावर बसायची सोय नव्हती, म्हणून ती आपल्या ओट्यावर बसे. ज्वारीच्या कडेने लावलेली अंबाडी कापायची, डबक्यात कुजत घालायची, धुऊन तिच्या सालीचे तंतू, म्हणजे वाख, काढायचा, वाळवायचा आणि वळायचा. दावी, कासरे, शिंकी, बैलांच्या तोंडाला बांधायची मुस्की, सगळे ती करी.

दोर मागायला कोणी आले की तिचा एक प्रश्न ठरलेला असे. "विहिरीवरचा पाह्यजे का खुंट्यावरचा?" विहिरीवरचा दोर पाण्यात भिजतो आणि भिजला की आवळतो, म्हणून त्याचा पीळ ती सैल ठेवी. खुंट्यावरचा दोर जन्मभर कोरडा राहणार, म्हणून तो घट्ट वळी. एवढ्या एका गोष्टीमुळे तिचा दोर दुसऱ्यांच्या दोरापेक्षा दुप्पट टिके.

तिला चार मुले झाली. पहिली दोन्ही मुले वर्षाची व्हायच्या आत गेली. तिसरा कौतिक पाच वर्षांचा झाला, चांगला गुटगुटीत. पोळ्याच्या बाजारातून जीवरामने त्याच्यासाठी लाल चामड्याचा लहानसा जोडा आणला. तो घालून पोरगे सबंध आळीत करकर वाजवत फिरले. रात्री ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. ताप कशाचा होता हे कुणालाच कळले नाही. धुरपदाबाईच्या डोळ्यांपुढे मात्र तो लाल जोडाच राहिला.

चौथा मुलगा झाला तेव्हा सुइणीने रीतीप्रमाणे त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवले, आणि धुरपदाबाईने सूपभर कोंडा देऊन तो परत घेतला. टाकलेले पोर कोणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून नावही उखर्डूच ठेवले. एवढे पुरेसे होते. पण बाळंतिणीच्या अंगात ताप होता आणि मनात कौतिक होता. मनुदेवीच्या नावाने सुपारी ठेवून ती बोलून गेली, "माह्या जिवात जीव हाय तोवर याच्या पायात चामडं घालू देनार नाही."

बोलायला एक क्षण लागला. त्याला आता चोवीस वर्षे झाली होती आणि उखर्डू चोवीस वर्षे अनवाणी चालत होता.

त्या बोलण्यातली गोम गावाने पहिल्यापासून ओळखली होती. आई जिवंत आहे तोवर चामडे नाही. म्हणजे उखर्डूने वहाण घातली की समजावे, म्हातारी गेली. थट्टेखोर माणसे त्याला म्हणत, "काय उखर्डू, वहाना घ्याच्या का? मग आधी मायले पोचव." उखर्डू हसे. तो स्वभावाने गरीब होता. आईने थांब म्हटले की थांबे, जा म्हटले की जाई. विहिरीत पोहायला आई नको म्हणाली, तो शिकला नाही. भुसावळला रेल्वेत लागत होता, आईचा चेहरा पाहून अर्ज परत घेतला. त्याबद्दल पुन्हा कधी बोलला नाही.

सायकल तेवढी तो आईला न विचारता शिकला. रावेरच्या परिसरातल्या केळीवाल्यांनी मिळून माल रेल्वेने उत्तरेकडे पाठवायला सुरुवात केली होती. स्टेशनात वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, कधी मिळतील याचा नेम नसे. मिळाल्या की घड कापायला लागा म्हणून बागांना ताबडतोब निरोप द्यावा लागे. केळीवाल्यांनी ती कामगिरी उखर्डूवर सोपवली आणि एक जुनी सायकल त्याच्या हवाली केली. बागांमधल्या पाऊलवाटा, पाटाचे बांध, नाल्यांचे उतार. जिथे बैलगाडी जात नाही तिथे तो सायकल दामटी, आणि जिथे सायकलही जात नाही तिथे ती खांद्यावर टाकून पळे. त्याचे तळवे बाभळीच्या सालीसारखे झाले होते. पायडलचे लोखंडी दाते त्याला टोचत नसत.

सन १९३७ च्या मार्गशीर्षात रावेरला केळीचे आणि जनावरांचे प्रदर्शन भरायचे ठरले. प्रदर्शनाच्या मंडळींनी कुस्त्या, गाड्यांच्या शर्यती यांच्या जोडीला एक नवी गोष्ट काढली. रानवाटेची सायकल शर्यत. रावेरहून निघायचे, बागांमधून सुकी नदी ओलांडायची, सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड टेकाडाला वळसा घालायचा आणि त्याच वाटेने परत यायचे. अकरा मैल. जिथे चालवता येणार नाही तिथे सायकल उचलून न्यायची.

उखर्डू कागद घेऊन घरी आला. आईला वाचता येत नव्हते. त्यानेच वाचून दाखवला, आणि शेवटच्या ओळीपाशी त्याचा आवाज खाली गेला. "प्रत्येक स्पर्धकाच्या दोन्ही पायांत पादत्राण असलेच पाहिजे. अनवाणी स्पर्धकास पुढे जाऊ दिले जाणार नाही."

"हे काहून?" धुरपदाबाई म्हणाली.

"गेल्या साली जत्रेत पळायची शर्यत झाली ना, त्यात एकाच्या पायात गंजका खिळा गेला. धनुर्वात झाला त्याले. गेला तो."

धुरपदाबाई सुतळी कातत होती, ती कातत राहिली. टकळी भरल्यावर म्हणाली, "मग नोको जाऊ."

"बरं," उखर्डू म्हणाला, आणि कागदाची घडी करून कोनाड्यात ठेवली.

पण दुसऱ्या दिवशी ती कोनाडा सारवायला गेली, तेव्हा घडी जागेवर नव्हती. उखर्डू गोठ्यात बसून ती पुन्हा वाचत होता. आई दारात दिसताच त्याने कागद खिशात घातला आणि उगाच गाईच्या पाठीवरून हात फिरवला. चोवीस वर्षांत त्याने आईपासून लपवलेली ही पहिली वस्तू. धुरपदाबाई परत फिरली. संध्याकाळी भाकरी वाढताना तिने विचारले, "चामडं नसलेलं काही मियते का पायात घालाले?"

उखर्डूचा घास हातातच राहिला.

रावेरला मोतीलालचे सायकलचे दुकान होते. भाड्याच्या तीन सायकली, एक पंप आणि अखंड चालणारी जीभ, एवढे त्याचे भांडवल. मायलेक दुकानात आलेली पाहून तो फळीवरून उतरला.

"या अक्का! आज सायकल शिकाची का?"

"तूच शिकव मंग. पडली तं तुह्याच अंगावर पडीन," धुरपदाबाई म्हणाली. "चामड्याबिगरचा जोडा दाखव."

मोतीलालने कापडी बूट काढले, खाली रबर, वर पांढरे कापड. "हे पाहा. मुंबईचे साहेब लोक हेच घालून खेळतात. चामड्याचा वाससुद्धा नाही."

धुरपदाबाईने बूट हातात घेतला. आत हात घातला, बोटांनी तळ चाचपला आणि टाचेखालची पातळ पट्टी नखाने उचकटून बाहेर काढली. मोतीलालने ती वळवून पाहिली, हुंगली आणि डोके खाजवले. चामडेच होते.

"इतके वरीस विकतो, मले नाही समजलं," तो म्हणाला. "अक्का, ही पट्टी काढून टाकतो ना मी!"

"लागलेलं ते लागलेलं. खिरीत पडलेली माशी काढून खीर खाशीन का तू?"

मग मोटारीच्या जुन्या टायरचे तळ निघाले. त्यांना रबराचेच पट्टे लावून उखर्डूने दोन दिवस वापरून पाहिले. पाणी दिलेल्या केळीच्या वाफ्यात पाऊल टाकले की काळी माती तळाला थापल्यासारखी चिकटे, दहा पावलांत एकेक पाय दोन शेराचा होई. पायडलवर तर तो पाय ठरतच नसे. लाकडी खडावांचे नाव मोतीलालने काढले, आणि धुरपदाबाईने त्याच्याकडे असे पाहिले की ते त्याने तिथल्या तिथे मागे घेतले.

बाकीच्या तयारीत मात्र मोतीलालचा सल्ला नेमका होता. "पहिलीच शर्यत हाय, जास्त सामान नोको करू. दोन्ही मडगार्ड काढ. माती अडकली की चाक तिथंच बसते. घंटी काढ, कॅरिअर काढ. धोतराचं काम नाही, चड्डी घाल. माती खरडाले बांबूची एक कामटी कमरेले खोच. आन सायकल खांद्यावर घेशीन तं दांडा रुतनार नाही याचं पाह्य." ही शेवटची गोष्ट धुरपदाबाईने लगेच केली. डोक्यावर घागर ठेवायची चुंबळ असते, तशीच एक चपटी चुंबळ जुन्या लुगड्याची करून तिने सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर आतून शिवून टाकली. पायाचे तेवढे राहिले.

ते तिला ओट्यावर बसल्या बसल्या सुचले. मांडीवर बैलाचे मुस्के होते, अर्धे विणलेले. ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग उखर्डूला हाक मारली आणि म्हणाली, "पाय घाल यात."

चार दिवस तिने दुसरे काम घेतले नाही. अंबाडीची तिपेडी वेणी घातली, ती गोल गोल फिरवून पावलाच्या आकाराचा तळ केला, दाभणाने आरपार शिवला. वर मुस्क्यासारखी जाळी विणली, टाचेला दुहेरी फास, घोट्याला बांधायला दोन बंद. आळीतला वना येता-जाता पाहून जाई. चौथ्या दिवशी त्याला राहवले नाही.

"अक्का, बैलाचं मुस्कं पोराच्या पायाले? त्याचा पाय काय चारा खातो का?"

"तुह्या तोंडाच्या मापाचं बी एक विनून ठेवलं हाय, वना," धुरपदाबाई वर न पाहता म्हणाली. "जाताना घेऊन जाय."

जोडा घालून उखर्डू प्रथम वाफ्यात उतरला, मग सायकल घेऊन सुकीवर गेला. नदीला गुडघ्याएवढे पाणी होते. पलीकडे गेला, परत आला. दोर भिजून पायाला असा बसला होता, जणू पायावरच विणला होता. पायडलच्या दात्यांत तळ गच्च धरला जाई. पण घरी आल्यावर बंद सुटेनात, आणि घोट्यावर लाल वळ उठला. धुरपदाबाईने ते पाहिले आणि जोडा वाळल्यावर सगळी वीण अर्धे बोट सैल करून घेतली. शर्यतीत दोन मैलांवर नदी येणार, परतताना पुन्हा येणार, सबंध वेळ जोडा ओलाच राहणार. विहिरीवरच्या दोराचा हिशेब तिने पायाला लावला. तो चुकलेला नव्हता. फक्त नदीच्या वरच्या अंगाच्या गावात काय चालले आहे, हे तिला ठाऊक नव्हते.

शर्यतीच्या सकाळी ती रावेरला गेली नाही. गर्दीत काय दिसणार? ती कळशी घेऊन सुकीच्या उताराकडे निघाली. काठावर दीडदोनशे माणसे जमली होती. जांभळीखाली चौरंग मांडून तोताराम नाना बसले होते. सेवानिवृत्त शाळामास्तर, प्रदर्शनाच्या कमिटीने त्यांना नदीवरचे पंच नेमले होते. शेजारी मोतीलाल पंप घेऊन उभा होता.

धुरपदाबाईने काठावरून खाली पाहिले. नदी कोरडी होती. वरच्या गावाने दोन दिवसांपूर्वी वाळूचा बांध घालून पाणी आपल्या बागांकडे वळवले होते. पात्रात पांढरे गोटे आणि कडेला एक डबके, एवढेच उरले होते.

"बरंच झालं की," मोतीलाल म्हणाला. "पोरं कोरडी जातील."

"भिजल्याबिगर जोडा आवळनार नाही," धुरपदाबाई म्हणाली. तिने डबक्यात कळशी बुडवली, भरून घेतली आणि उताराशी येऊन उभी राहिली.

तेवढ्यात ओरडा झाला. चौदा सायकली निघाल्या होत्या, पहिले तिघे उतारावर आले आणि त्यांत तिसरा उखर्डू होता. सायकल खांद्यावर, चुंबळ बरोबर दांड्याखाली, गोट्यांवरून तो हरणासारखा येत होता. पण तिची नजर पायांवर होती. प्रत्येक पावलाला टाच जोड्यातून निघत होती आणि पुन्हा आत पडत होती, सैल झालेल्या दाराच्या कडीसारखी.

"उखर्डू! थांब! पायावर पानी घाल!"

लोकांचा गलका एवढा होता की त्याला हाक तेवढी ऐकू आली. आई ओरडते आहे म्हणजे शाबासकी देते आहे, असे वाटून त्याने हात हलवला, चढ चढला, सायकलवर टांग टाकली आणि दिसेनासा झाला. ती कळशी घेऊन चढाच्या मध्यापर्यंत धावली. पाणी हिंदकळून लुगडे भिजले.

पुढचा तासभर ती तिथेच उभी होती. माणसे ज्वारीचे दाणे खात होती, कोण पहिला येईल यावर पैजा लावत होती. तिला मात्र डोळ्यांपुढे टेकाडाचा मुरूम दिसत होता, त्यावर घसटणारा सैल तळ दिसत होता, आणि एकेक टाका उसवताना दिसत होता. तिच्या दोराबद्दल आजवर कुणी तक्रार केली नव्हती.

परतीचा पहिला सायकलवाला गेला. दुसरा गेला. तिसरा, चौथा. मग उखर्डू आला, पाचवा. उजव्या पायात जोडा होता, कसाबसा. डावा पाय उघडा होता. उसवलेला तळ आणि जाळी त्याने हँडलला अडकवली होती. अंगठ्याच्या बाजूने रक्त येत होते आणि त्यावर मुरमाची धूळ बसली होती.

तोताराम नाना उठून उभे राहिले. "उखर्डू, थांब बाळा. डाव्या पायात काही नाही तुझ्या."

"फाटलं, नाना."

"दिसतंय मला. पण नियम सगळ्यांना एकच आहे. काहीतरी पायात घाल, मी जाऊ देतो. तसाच जायचं म्हणशील तर मला नाव खोडावं लागेल."

मोतीलालने वेळ घालवला नाही. पायातल्या चपला काढून त्याने पुढे ढकलल्या. "घे. दोनच मैल राह्यले. घाल आन सुट!"

चांगल्या जाड चामड्याच्या चपला होत्या, पितळी बकलाच्या. उखर्डूने त्यांच्याकडे पाहिले. मग आईकडे पाहिले नाही. मुद्दामच पाहिले नाही. त्याने सायकल सावकाश गोट्यांवर आडवी केली, एका दगडावर बसला आणि हँडलवरून फाटका जोडा काढून त्याचा दोर उलगडू लागला. उलगडून कोपर आणि पंजा यांच्याभोवती तो नीट गुंडाळू लागला, जशी ती गुंडाळीत असे.

सहावा सायकलवाला पाण्याविना पडलेल्या पात्रातून पार झाला.

"माय," उखर्डू म्हणाला. आवाजात राग नव्हता, रडू नव्हते. "दोर वाया नाही गेला. एखादं मुस्कं होऊन जाईन याचं."

धुरपदाबाई कळशी घेऊन उभी होती. तो रागावला असता, तर तिला उत्तर देता आले असते. मी काय तुझ्या वाईटासाठी बोलले होते का, असे म्हणता आले असते. पण तो दोर गुंडाळत होता. रेल्वेचा अर्जही त्याने असाच घडी घालून ठेवला होता, पोहायला जाताना काढलेला सदराही असाच पुन्हा घातला होता. चोवीस वर्षांचा बाप्या, दोन मैल राहिले असताना, दगडावर बसून सुतळी गोळा करत होता. आणि त्याच्या अंगठ्यातून रक्त येत होते, खिळा लागलेल्या त्या दुसऱ्या पोराच्या येत असेल तसे.

"ठेव तो दोर," ती म्हणाली.

"माय?"

"ठेव म्हनते ना. मोतीलाल, दे त्या इकडे."

आता मोतीलालच घाबरला. चपला पुढे करून त्याने मागे घेतल्या. "अक्का, इचार कर बरं. तू काय बोललेली हाय, ते सारं गाव जानते. उद्या काही इकडंतिकडं झालं तं मले बोल लावशीन."

"तुले काहून लावू? बोल लावाचा तं मनुदेवी मले लावीन. दे."

तिने कळशी उखर्डूच्या पायावर ओतली. रक्त आणि धूळ धुऊन निघाली. पदराने तिने तो पाय पुसला, मध्ये एकदा थांबली. मग उजव्या पायातला जोडाही काढून टाकला आणि दोन्ही चपला त्याच्या पायांत सरकवल्या. अर्ध्या तालुक्याच्या बैलांना तिने गाठी मारल्या होत्या, पण बकल तिला लावता येईना.

"मी लावतो, माय."

"थांब. मी बोलली होती, मीच घालीन."

तोताराम नाना खाली वाकले, मास्तरांच्या सवयीने, पोराला अक्षर गिरवून दाखवावे तसे. "असं, धुरपदाबाई. ही जीभ ह्या भोकात." एक बकल त्यांनी दाखवले, दुसरे तिने लावले. मग नाना आपल्या चौरंगावर जाऊन बसले आणि कागदात पाहू लागले.

"जाय," ती म्हणाली.

उखर्डू उठला. पहिली दोन पावले त्याने अशी टाकली, जणू पाय दुसऱ्याचे आहेत. मग सायकल खांद्यावर घेतली.

तो सातवा आला. चपला पायडलवरून घसरत होत्या, रावेरच्या वेशीपाशी तो एकदा पडलाही. चौदांपैकी नऊ जण शेवटपर्यंत पोचले, आणि त्या नवांची नावे वाचून दाखवली गेली, तेव्हा उखर्डू जीवराम हे नाव प्रथमच गावाबाहेर मोठ्याने उच्चारले गेले. हे सगळे धुरपदाबाईला नंतर कळले. ती नदीवरून परस्पर घरी गेली होती.

संध्याकाळी तो आला. चपला त्याने मोतीलालला परत दिल्या होत्या. ती काही विचारायच्या आत त्याने जखम दाखवली. रावेरच्या डॉक्टरने औषध लावून पट्टी बांधली होती. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. जेवताना लावला. भांडी घासून झाल्यावर पुन्हा लावला.

"माय, काही नाही मले."

"माहीत हाय मले. गप बस."

दुसऱ्या दिवशी तिने टकळीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तो वाघिणींचा निरोप घेऊन बागांकडे गेला, तेव्हा ती वेशीपर्यंत त्याच्या मागे गेली आणि तो परत येईपर्यंत तिथेच पिंपळाखाली बसली. येणारी-जाणारी माणसे विचारत, "अक्का, कोनाची वाट पाहते?" "पाहुने येनार हाय," ती म्हणे. दुपार कलली तशी सायकल दिसली. उखर्डू काहीतरी गुणगुणत येत होता. पट्टीवर धूळ बसली होती. तिने कपाळाला हात लावला. गार होते, थोडे घामेजलेले.

"भूक लागली," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी तिने वनाची बैलगाडी मागून घेतली. वनाने या वेळी थट्टा केली नाही, गाडी स्वतःच जुंपली आणि मायलेकांना घेऊन निघाला. यावलच्या पुढे सातपुड्याच्या कुशीत मनुदेवीचे ठाणे आहे, तिथे पोचायला एक मुक्काम करावा लागला. देवीपुढे काय बोलायचे ते तिने वाटेत ठरवून ठेवले होते. माफी मागायची, पातळ नेसवायचे कबूल करायचे. प्रत्यक्ष उभी राहिली तेव्हा तेवढे शब्द सुचले नाहीत.

"मी बोलली होती, मीच मोडलं," ती म्हणाली. "भेव वाटलं म्हनून बोलली होती. आता बी वाटते. पन पोराकडं नोको पाहू, माह्याकडं पाह्य."

नारळ फोडला, कुंकू लावले आणि ती मागे न पाहता पायऱ्या उतरली.

परतताना यावलच्या बाजारात उखर्डूने चपला घेतल्या. आपण होऊन, आईला न विचारता. ती गाडीत बसून पाहत होती. चांभाराने तीन जोड पुढे टाकले, त्याने दोन बाजूला सारले आणि तिसरा घालून चार पावले चालून पाहिले. गाडी सुटल्यावर एवढेच म्हणाली, "अंगठ्याच्या पट्टीले तेल लाव, नाही तं त्याच जागी घासीन."

धुरपदाबाई त्यानंतर नऊ वर्षे जगली. त्या दिवशी मात्र तिला कोणी असे सांगितले असते, तर तिने विश्वास ठेवला नसता. ती गाडीत कडब्यावर आडवी झाली होती. चार दिवसांची झोप डोळ्यांवर होती. वना बैलांशी बोलत होता आणि उखर्डू गाडीच्या बाजूने चालत होता. वाटेत एक नाला आला. त्याने चपला काढून हातात घेतल्या, पाण्यातून पलीकडे गेला, काठावर पाय झाडले आणि त्या पुन्हा पायांत घातल्या. तिने डोळे उघडून एवढे सगळे पाहिले, आणि मिटले.